युरोपातले बास्केटबॉल प्लेअर एनबीएमध्ये खरंच चालतात का, की आपण तीन-चार नावांवर भाळलोय?

कॉर्नर_थ्री

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो. 2019 ते 2025 या सात मोसमांत एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम प्लेअर) पाच वेळा युरोपियनांना मिळालाय, ग्रीसचा यानिस दोनदा, सर्बियाचा योकिच तीनदा. उरलेले दोन म्हणजे एम्बीड आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, तेही अमेरिकेत जन्मलेले नाहीत. वर डॉनचिच आहे, वेम्बन्यामा आहे. एवढं बघितलं की वाटतं प्रश्नच मिटला, ही पोरं तिथे नुसती टिकत नाहीयेत, राज्य करतायत.

पण मी युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) पण बघतो आणि तिथून बघितलं की चित्र उलटं दिसतं. तिथले जे खरे बादशहा, ज्यांच्या नावाने अख्खं स्टेडियम डोक्यावर घेतात, ते अमेरिकेत गेले की पार फुस्स. ग्रीसचा स्पॅनुलिस एक मोसम काढून परत. लिथुआनियाचा यासिकेविच्युस दोन मोसमांत परत. आणि आत्ता आत्ताचा मिचिच बघा, 2021 चा युरोलीग एमव्हीपी, तुर्कीच्या एफेस क्लबला लागोपाठ दोन टायटलं जिंकून दिली, तिकडे गेला तर ओक्लाहोमा, शार्लट, फिनिक्स असा ट्रेडमध्ये (टीमांमधल्या अदलाबदलीत) फिरत राहिला आणि शेवटी परत युरोलीग.

मग नक्की खरं काय? युरोलीगमधला बेस्ट प्लेअर तिकडे चालत नाही आणि सर्बियातल्या एका छोट्या क्लबचा, ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे प्लेअर निवडतात त्यात) 41व्या नंबरला घेतलेला गुबगुबीत योकिच चालतो, हे कसं काय? लेव्हलचा फरक आहे, नियमांचा आहे, शरीराचा आहे की नुसतं नशीब? "टॅलेंट असेल तर कुठेही चालतो" एवढंच लिहिणार असाल तर राहू दे, ते माझं मलाच सुचलंय.

जुना_चाहता

टॅलेंटचं नाही लिहीत, पेट्रोविचचं लिहितो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला तरी त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

1989 मध्ये युरोपातून एकदम मोठी खेप गेली. दिवाच लेकर्सला, मार्चुलिओनिस गोल्डन स्टेटला, व्होल्कोव अटलांटाला, पास्पाल सॅन अँटोनियोला आणि द्राझेन पेट्रोविच पोर्टलंडला. त्याआधी फिनिक्सने 1985 ला बल्गेरियाचा ग्लुचकोव नेला होता आणि 1986 ला पोर्टलंडनेच स्पेनचा फर्नांडो मार्टिन नेला होता, दोघंही एकेक मोसम करून परतले, त्यामुळे "ही माणसं इथली नव्हेत" हे मत तयारच होतं. आता पेट्रोविच कोण होता ते बघा. त्याच वर्षी रेआल माद्रिदकडून खेळताना युरोपियन कप विनर्स कपच्या फायनलमध्ये कासेर्ताविरुद्ध 62 पॉइंट मारून आलेला माणूस. आणि पोर्टलंडला पोचल्यावर त्याच्या जागेवर कोण? क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर. म्हणजे बसा बेंचवर. पहिल्या मोसमात मॅचला जेमतेम बारा-तेरा मिनिटं, दुसऱ्यात डॅनी एंज आला तर त्याहून कमी. पेपरवाल्यांनी निकाल लावून टाकला की डिफेन्स जमत नाही, स्लो आहे, युरोपातच ठीक होता.

जानेवारी 1991 मध्ये ट्रेड होऊन तो न्यू जर्सी नेट्सला गेला. टीम यथातथाच होती, पण बॉल हातात मिळाला. 1991-92 ला सरासरी 20.6, पुढच्या मोसमात 22.3 आणि थ्री पॉइंटर 45 टक्क्यांच्या आसपास, 1993 ला ऑल-एनबीए थर्ड टीममध्ये (म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम पंधरांत) निवड. आणि मग जूनमध्ये जर्मनीत गाडीचा अपघात झाला, 28 वर्षांचा होता. ते आठवलं की अजून चुटपुट लागते, तो 1995-96 मध्ये काय असता याचा विचारच करवत नाही.

आता तुमच्या प्रश्नाला लावून बघा. तोच माणूस, तेच पाय, तोच शॉट. डिसेंबर 1990 पर्यंत "फेल युरोपियन", अठरा महिन्यांत लीगमधल्या चांगल्या शूटिंग गार्डांपैकी एक. मधे त्याचं शरीर बदललं नाही (कमावलं मात्र त्याने खूप, ते द्यायलाच हवं), बदलली ती टीम.

लिथुआनियाचा सेंटर साबोनिस दुसरं टोक. 1986 ला ड्राफ्ट, प्रत्यक्ष गेला 1995 मध्ये, तिशी गाठून आणि दोन्ही पायांची वाट लागल्यावर. पोर्टलंडचे तेव्हाचे जीएम (प्लेअर निवडणारे मॅनेजर) बॉब व्हिटसिट सांगतात की एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले याला अपंगांच्या पार्किंगचा परवाना मिळेल. त्या अवस्थेत पहिल्या मोसमात 14.5 पॉइंट, आठ रिबाउंड, रुकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नव्या प्लेअरच्या) मतदानात दुसरा. तेव्हा लेव्हलचा फरक वगैरे मला कुणी सांगू नये.

बझर_बीटर

जुन्या आठवणी छान आहेत पण आपण सगळे जिंकलेल्यांचीच गोष्ट सांगतोय. डर्क नोवित्स्की आणि पाउ गासोल चालले म्हटल्यावर 2002 पासून प्रत्येक जीएमला आपलाच एक डर्क हवा होता आणि त्या नादात काय काय घेतलं ते पण लिहा की. स्किटिश्विली 2002 च्या ड्राफ्टला पाचवा. डार्को मिलिचिच 2003 ला दुसरा, कार्मेलो, बॉश आणि वेड या तिघांच्या आधी!! बार्न्यानी 2006 ला चक्क पहिला, सात फूट उंची आणि रिबाउंडच्या नावाने बोंब. वेसेली 2011 ला सहावा. हेझोन्या 2015 ला पाचवा. योकिच 41वा निघाला म्हणून कौतुक, पण त्या नंबरांच्या आसपास घेतलेले कितीतरी युरोपियन एनबीएच्या कोर्टवर कधी उतरलेच नाहीत, त्यांची नावं कुणाच्या लक्षात आहेत?

गेल्या काही मोसमांत सुरुवातीच्या रोस्टरवर (टीमांच्या यादीत) अमेरिकेबाहेरचे 120 च्या वर प्लेअर असतात, त्यातले निम्मे धरा युरोपातले. साडेचारशे जागांमध्ये साठेक. वाईट नाही, पण "राज्य करतायत" हे तीन-चार जणांवरून काढलेलं अनुमान आहे. बाकीचे रोजंदारीवर आहेत, आठ-दहा मिनिटं खेळतात आणि पुढच्या ट्रेडची वाट बघतात.

पिक_अँड_रोल

बझरभाऊ, ती यादी बरोबर आहे पण त्यातल्या प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडलंय, सगळ्यांना एका दोरीत बांधू नका. डार्को ड्राफ्टच्या वेळी जेमतेम 18 चा आणि गेला कुठे तर डेट्रॉइटला, जी टीम लगेच पुढच्या वर्षी चॅम्पियन झाली. लॅरी ब्राउनसारखा कोच, ज्याला जिंकायचंय आत्ता, तो या पोराला कशाला खेळवेल. बसवून ठेवला. वेसेलीला शूटच करता येत नव्हतं, फ्री थ्रो सुद्धा नाही, तो परत गेला आणि फेनरबाखेकडून 2017 ला युरोलीग जिंकला, 2019 ला तिथला एमव्हीपी झाला. हेझोन्या आज रेआल माद्रिदमध्ये काय खेळतो ते बघताच. ही काय न खेळता येणारी माणसं नव्हेत.

आता मूळ प्रश्न, बेस्ट गार्ड (बॉल खेळवणारे, तुलनेने बुटके प्लेअर) का चालत नाहीत. माझ्या मते यात नियमाचा मोठा हात आहे आणि त्यावर कुणी बोलतच नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, युरोपात चालतात त्या) नियमात डिफेन्सला तीन सेकंदांची अट नाही. म्हणजे सेंटर रिंगखाली खुशाल उभा राहू शकतो, अख्खं पझेशन. त्यामुळे गार्डला समोरच्याने बीट केलं तरी मागे एक सात फुटी माणूस उभाच आहे. एनबीएत तसं चालत नाही, कुणाला जवळून मार्क करत नसशील तर तीन सेकंदांत पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीच्या) बाहेर पड. शिवाय थ्रीची लाइन 7.24 मीटरवर (फिबाची 6.75), म्हणजे माणसं अजून लांब पसरलेली, मधे सगळं मोकळं मैदान. आता अशा मोकळ्या जागेत यासिकेविच्युसने 29-30 च्या वयात एनबीएतल्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गार्डला अडवायचं. एकदा बीट झाला की संपलं. पुढच्या पझेशनला समोरची टीम मुद्दाम त्याच्याच माणसाला स्क्रीन लावायला (आडवं उभं राहून डिफेंडरची वाट अडवायला) बोलावते, आणि दोन-तीन वेळा हे झालं की कोच याला बेंचवर बसवतो.

गंमत अशी की हाच नियम अटॅकमध्ये युरोपियनाच्या फायद्याचा आहे. डॉनचिच तर बोललाय पण की युरोपपेक्षा एनबीएत स्कोअर करणं सोपं आहे, लोकांना तो माज वाटला पण तो सरळ हिशोब सांगत होता. रेआलमध्ये असताना तो ड्राइव्ह करायचा तेव्हा पेंटमध्ये गर्दी असायची, इथे रस्ता रिकामा. फक्त अट एकच, बॉल तुझ्या हातात पाहिजे. स्पॅनुलिसला ह्यूस्टनमध्ये तो मिळालाच नाही. 31 मॅचेस, सरासरी तीन पॉइंटसुद्धा नाही. तिथे बॉल ट्रेसी मॅकग्रेडीकडे आणि पोस्टमध्ये (रिंगजवळ) याओ मिंगकडे, याचं काम काय तर कोपऱ्यात उभं राहायचं आणि पास आलाच तर शॉट टाकायचा. जो माणूस आयुष्यभर घड्याळात आठ सेकंद उरले असताना पिक अँड रोल (एकाने स्क्रीन लावून रिंगकडे पळायचं, तो डाव) खेळून मॅच फिरवत आलाय त्याला कोपऱ्यात उभं करून तुम्ही म्हणताय हा चालला नाही. मिचिचचं तेच झालं, ओक्लाहोमात बॉल शे गिल्जस-अलेक्झांडरच्या हातातून कोण काढून घेणार?

म्हणून उलटी उदाहरणं बघा. मोठी माणसं जास्त चालली, गार्ड कमी. सेंटर किंवा फॉरवर्डला पास देता येतो, बाहेरून शूट करता येतं, ही अमेरिकेत टंचाईची गोष्ट होती, म्हणून दिवाच, कुकोच, डर्क, गासोल बंधू यांना जागा झाली. ड्रिबल करून स्वतःचा शॉट बनवणारे गार्ड मात्र तिथे पोत्याने आहेत, आणि त्यातले बरेच युरोपातल्या गार्डपेक्षा उंच उडतात.

कॉर्नर_थ्री

@पिक_अँड_रोल हे तीन सेकंदांचं कधी लक्षातच आलं नव्हतं, आता मॅच बघताना तेच दिसणार. पण मग टोनी पार्कर? तो गार्डच ना, 28वा पिक, चार टायटलं, 2007 चा फायनल्स एमव्हीपी. आणि योकिचचं कुणीच नीट सांगितलं नाही. उडता येत नाही, पळता येत नाही, तरी?

सहावा_गडी

पार्करचं उत्तर वयात आहे. 19व्या वर्षी गेला. सॅन अँटोनियोचा कोच पोपोविच, त्याने पाच-सहा मॅचनंतर स्टार्टर केला, पोरगं चुकत चुकत तिथलंच झालं. त्याला पूर्वीच्या सवयी मोडायला लागल्या नाहीत, सवयी लागल्याच तिथे. यासिकेविच्युस गेला तेव्हा तीन युरोलीग जिंकून बसलेला, 2004 च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेविरुद्ध 28 पॉइंट मारलेला. अशा माणसाने कुणाच्या हाताखाली काय म्हणून राहायचं? आणि राहायची गरजही नाही. हा पैशाचा मुद्दा वरती कुणी काढला नाही म्हणून काढतो. युरोपात मोठ्या क्लबांचे करार सहसा टॅक्स वजा करून हातात येणाऱ्या रकमेवर ठरतात, त्यात बऱ्याचदा घर-गाडी पण क्लबकडून. एनबीएचा छोटा करार दिसतो मोठा, पण त्यातून टॅक्स, एजंट, सगळं जातं. वर्षाला 82 मॅचेस, त्यातल्या निम्म्या बेंचवर. मिरोतिच 2019 मध्ये 28 वर्षांचा होता, एनबीएत चांगला खेळत होता, तरी बार्सिलोनाला गेला. नवारो एक मोसम मेम्फिसला खेळला, ऑल-रुकी सेकंड टीममध्ये आला आणि घरी गेला. हे काय फेल झाले म्हणायचं? बोदिरोगा तर ड्राफ्ट होऊनही कधी गेलाच नाही, त्याचं काही अडलं नाही.

आणि हे फक्त युरोपियनांनाच लागू आहे असंही नाही. माइक जेम्स, शेन लार्किन ही अमेरिकन पोरं. एनबीएत दोघंही कडेकडेने, युरोपात राजे. लार्किनने 2019 ला युरोलीगच्या एका मॅचमध्ये 49 मारले. पासपोर्टचा काय संबंध मग.

योकिचचं सांगतो. डेन्व्हरकडे एकाच वेळी दोन तरुण बाल्कन सेंटर होते, नुर्किच आणि योकिच. 2016-17 च्या सुरुवातीला दोघांना एकत्र खेळवून बघितलं, जमलं नाही, योकिच स्वतःच म्हणाला मला बेंचवरून चालेल. डिसेंबरच्या मधे कोच मलोनने निर्णय घेतला की योकिच स्टार्टर, आणि नुसता स्टार्टर नाही, सगळा अटॅक त्याच्यातून. फेब्रुवारीत नुर्किच पोर्टलंडला. त्या महिन्यातला कुठलाही व्हिडिओ काढून बघा. फ्री थ्रो लाइनच्या टोकाला बॉल घेतो, पाठ रिंगकडे, बॉल एका हातात डोक्याच्या वर, आणि तसाच उभा. काही करत नाही! समोरचा सेंटर गोंधळतो, जवळ जावं तर मागून कोणीतरी बॅकडोअर कट (डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे धाव) मारतोय आणि याने न बघता पास सोडलेला असतो, लांब राहावं तर तिथूनच हळूच तरंगता शॉट. यात उडायचं कुठेय आणि पळायचं कुठेय. पण समजा त्याच मोसमात मलोनने नुर्किच ठेवून याला विकला असता आणि दुसऱ्या टीमने "तू स्क्रीन लाव आणि रिंगकडे पळ" म्हटलं असतं तर? आज बझरभाऊच्या यादीत अजून एक नाव.

बझर_बीटर

पुन्हा तेच, "जर असं झालं असतं तर". असं म्हटलं तर डार्कोपण योकिच झाला असता.

सहावा_गडी

नाही, डार्को नसता झाला. हात चांगले होते पण त्याला खेळ आवडतच नव्हता असं त्याच्याकडे बघून वाटायचं, आता सर्बियात सफरचंदाच्या बागा करतो आणि खूश आहे.

जुना_चाहता

डर्कबद्दल एक राहिलं. पहिल्या मोसमात सरासरी आठच्या आसपास होती आणि तो जर्मनीला परत जायच्या विचारात होता. नंतर कितीतरी वर्षं "सॉफ्ट" म्हणून हिणवला, 2006 ची फायनल 2-0 वरून घालवली, 2007 ला 67 मॅचेस जिंकून पहिल्याच राउंडमध्ये आठव्या सीडकडून (आठव्या नंबरच्या टीमकडून) हरले, आणि त्याच वर्षी एमव्हीपीची ट्रॉफी पडलेल्या चेहऱ्याने घेतली. 2011 पर्यंत थांबायला लागलं. डॅलसने या सगळ्यात त्याला विकला नाही, ही गोष्ट फार मोठी आहे. पोरझिंगिसला न्यूयॉर्कने 2015 ला घेतला तेव्हा त्यांच्याच लोकांनी हुर्यो उडवली, पुढे तीन टीम बदलून 2024 ला बॉस्टनमध्ये चॅम्पियनशिपची अंगठी मिळाली.

आणि निवडणारे पण काय हुशार असतात ते सांगतो. 2018 ला डॉनचिच 19 वर्षांचा, युरोलीग जिंकलेला, युरोलीगचा एमव्हीपी. पहिला पिक फिनिक्सकडे, आणि त्यांचा नवाकोरा कोच कोण, तर इगोर कोकोशकोव, ज्याने वर्षभर आधी याच पोराला घेऊन स्लोव्हेनियाला युरोबास्केट जिंकून दिलं. त्यांनी एटनला घेतलं. दुसरा पिक सॅक्रामेंटोकडे, तिथे निर्णय कुणाच्या हातात, तर व्लादे दिवाच! त्याने बॅग्लीला घेतलं. तिसऱ्यावर अटलांटाने डॉनचिचला घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. जिथे बाल्कनमधले, त्याला ओळखणारे लोक बसलेत तिथे ही गत, तर बाकीच्यांना काय दोष द्यायचा.

कॉर्नर_थ्री

दिवाचचं माहीत होतं, कोकोशकोवचं नव्हतं, धन्य आहे. म्हणजे मी समजतोय ते असं, 19-20 ला गेला आणि बॉल दिला तर चालतो, 28 ला गेला आणि कोपऱ्यात उभा केला तर परत येतो. बाकी टॅलेंट वगैरे दोघांकडेही आहेच.

पिक_अँड_रोल

बरंचसं तसंच, पण वयाला फार चिकटू नकोस, स्पॅनुलिस गेला तेव्हा 24 चाच होता. आणि जायच्या आधी काही आठवडे, 2006 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सेमीफायनलमध्ये ग्रीसने अमेरिकेला 101-95 हरवलं, समोर लेब्रॉन, वेड, कार्मेलो, आणि याचे 22 पॉइंट. ती मॅच शोधून बघ, एकच पिक अँड रोल परत परत खेळतायत आणि अमेरिकनांना शेवटपर्यंत काय करायचं कळत नाहीये.

कॉर्नर_थ्री

बघतो रात्री. ह्यूस्टनऐवजी तेव्हाच्या फिनिक्समध्ये गेला असता तर? पळापळीची टीम, सगळा पिक अँड रोलच.

पिक_अँड_रोल

तिथे बॉल हातात ठेवणारा नॅश होता. आणि बेंचवर बार्बोसा. पुन्हा कोपराच.